मुका राजा आणि तापलेला विळा

तुमच्या घरातलं बोलकं लेकरू अचानक बोलेनासं झालं, तर तुम्ही आधी कुणाला बोलावता?

आमच्या घरी, खर्ड्यात, देवऋषीला बोलावलं. धाकटी बहीण आदल्या दिवसापासून मुकी झाली होती. जेवत होती, पाणी शेंदत होती, पण तोंडातून शब्द नाही. चुलते म्हणाले, "किल्ल्याखालनं आली तवाच झपाटली." देवऋषीनं चुलीत विळा खुपसला. गळ्याला डाग द्यायचं ठरलं.

मी अंधश्रद्धेविरुद्धची पत्रकं वाचून वाढलेली. भूतबित काही नसतं, हे चौकात ओरडून सांगणारी. पण विळ्याचं टोक लाल व्हायला लागलं तशी मी नुसतीच बहिणीला बिलगले.

तेवढ्यात बहिणीच्या परकराच्या ओच्यात बांधलेले खडे दिसले आणि मला खेळ आठवला. खेळात बहीण राजा होती आणि ते खडे म्हणजे राजाची ताकद.

सुटीला शेवगावहून आलेल्या मावसबहिणीनं तो खेळ स्वतःच्या डोक्यानं रचला होता. चांगला होता, हे आजही म्हणेन. गोणपाटावर कोळशानं आखलेलं राज्य, फोडलेल्या चिंचोक्यांचे फासे. कुणी राजा, कुणी चोर, कुणी वैद. मुलगी राजा झाली तरी कुणी हसत नव्हतं. पण त्यात एक भयंकर खोट होती. खेळ मध्येच सोडायची सोयच नव्हती. राक्षसाचा शाप लागला की वैदानं मंत्र म्हणेपर्यंत मुकं राहायचं. वैद होती मावसबहीण, आणि तिला तिचे वडील आदल्या दिवशीच एस.टी.नं घेऊन गेले होते.

"अजून खेळतीस का गं?" मी बहिणीच्या कानात विचारलं. तिनं मान डोलावली.

"संपला खेळ. बोल आता."

तिनं मान झटकली. राजानं नियम कसा मोडायचा?

"तात्या, थांबा! खेळ हाय त्यो!" मी चुलत्यांना ओरडून सांगितलं.

"व्हय का? मग बोलती कर तिला," चुलते म्हणाले.

देवऋषी हसला. "लई शिकली तुमची पोर. सरक बाजूला, न्हाईतर तुझ्याबी गळ्याला लावीन."

खेळात मी चोर होते. चोराला काहीही चोरता येई, वैदाचा मंत्रसुद्धा. फक्त चारही चिंचोके पांढऱ्या बाजूनं पडायला हवेत. कोनाड्यातले चिंचोके घेऊन मी टाकले. तीन पांढरे, एक काळा. विळा चुलीतून बाहेर आला. मी अंगठ्यानं तो काळा उलटा केला.

"लबाडे! हात लावलास!" बहीण किंचाळली.

मग देवऋषीनं विळा पाण्यात बुडवला. चर्र झालं.

"बघा, नुसत्या धगीनं पळालं!"

चुलत्यांनी त्याला कोंबडा दिला. आईनं मला त्याच्या पाया पडायला लावलं.

मावसबहीण पुन्हा आली की खेळातून सुटायचा नियम मी भांडून घालून घेणार आहे. पण माझी भीती त्यानं जात नाही. बहीण जरा गप्प बसली की चुलत्यांची नजर चुलीकडे जाते, आणि पुढच्या वेळी ते माझ्या चिंचोक्यांसाठी थांबणार नाहीत.

तुमच्या गल्लीत असा विळा तापत असेल, तर आधी तो चुलीतून काढून पाण्यात टाका. मग त्या लेकराजवळ बसा आणि हळूच विचारा, काय खेळतोयस बाळा?