पाई घरचीच पाहिजे!

डबे अन् किस्से, दोन्ही आमच्या महिला मंडळात एकदा आले की परत जात न्हाईत. माझ्या कपाटात लोकाचे सात डबे पडून हाएत. किस्से किती, ते मोजायलाच नको! मी शाळेत बाई होते, आता रिटायर. रिटायर बाईला जुन्या जालन्यातल्या गल्लीचं सगळं माहीत असतं, त्याला इलाज न्हाई. तर पाईच्या स्पर्धेचं सांगते.

*

आमच्या अध्यक्षा प्रमिलाताई लेकीकडं पुण्याला गेल्त्या. तिथं त्यांनी पाई खाल्ली. आल्या आल्या मीटिंगच लावली.

"दरसाली रांगोळी, दरसाली उखाणे! यंदा बेकिंग. पाईची स्पर्धा!"

"पाई म्हंजे?" सुलभाकाकूंनी विचारलं.

"खाली मैद्याची पारी, मधी गोड सारण, वरून पुन्हा पारी."

"म्हंजे मोठा कानवला!"

"कानवला तळतात, काकू. हे भाजायचं."

"मंग पुरणपोळी म्हणा की!"

प्रमिलाताई तापल्या. अर्धा तास वाद झाला. शेवटी सेक्रेटरीनं वहीत ठराव लिहिला, मी सोता वाचला: 'पाई म्हणजे काय, ते अध्यक्षा ठरवतील.'

नियम बी त्यांनीच केला. पाई घरी बनवलेली अन् घरीच भाजलेली पाहिजे, बाहेरचं बिलकुल चालणार न्हाई! आता गल्लीत ओव्हन एकच, तो प्रमिलाताईंचा. त्यात त्या पापड ठेवतात.

*

माझ्या शेजारच्या नंदाला मात्र ही स्पर्धा जिंकायचीच होती. तिला केक-बिस्किटांचे क्लास काढायचे होते, घराच्या पुढच्या खोलीत. नवरा संतोष बियाण्याच्या कंपनीत नोकरीला. त्यानं ती खोली मोबाईलच्या दुकानाला द्यायची बोलणी करून ठेवल्ती. नंदा भांडली, तर म्हणला, "तुझ्याकडं शिकायला येणार कोण? आधी एखादा पहिला नंबर तर आण! आणलास, तर खोली तुझी."

हे तो माझ्या देखत बोलला. मी सोडते का? म्हणलं, "संतोष, मी साक्षीदार हाय बरं का! शब्द फिरवलास तर गल्लीभर करीन."

"करा मावशी," म्हणला. "नंबर येणारच न्हाई."

इतका राग आला मला त्याचा!

*

नंदाचं माहेर बदनापूरचं, घरची मोसंबीची बाग. तिनं ठरवलं, मोसंबीचीच पाई करायची. पण मोसंबी शिजवली की कडू होते. पहिली पाई झाली ती कारल्याची बहीण! सासूबाईंना शुगर. त्यांनी दोन तुकडे मिटक्या मारत खाल्ले अन् म्हणल्या, "चांगली झाली की! रोज करत जा, माझी गोळी तरी बंद होईल."

नंदा रडायलाच लागली. मंग एकेक फोड सोलून, बिया काढून, पांढरी साल काढून, खवा घालून तिनं चार वेळा करून पाह्यली. पाचव्या वेळी सासूबाईंनी एक घास खाल्ला अन् ताटली सरकवून दिली.

"गोड झाली. आता मला काय उपयोग हिचा?"

नंदानं तिथंच सासूच्या पाया पडून घेतलं.

*

स्पर्धेच्या दिवशी सकाळी सहालाच मी पाई घेऊन गफ्फारचाचाच्या बेकरीत गेल्ते. आता हसू नका. दिवाळीला आम्ही सगळ्या घरचं पीठ-तूप-साखर तिथं नेतो, चाचा भट्टीत नानकटाई भाजून देतो, अन् तिला घरचीच नानकटाई म्हणतात. मंग पाईनं काय पाप केलं?

बघते तर सात बायका आधीच उभ्या! सगळ्यांच्या तोंडाला स्कार्फ, नुसते डोळे दिसून राह्यले. कोणी कोणाला ओळख द्यायला तयार न्हाई. मी बी भिंतीकडं तोंड करून उभी राह्यले. तेवढ्यात चाचा आतून जोरात ओरडला, "प्रमिलाताई, आपका डब्बा किधर रखूं?"

सगळ्यात शेवटी नंदा आली.

"भट्टी भर गई बेटा, अब जगा नै," चाचा म्हणला. "इसके बाद पाव लगेंगे, दोपहर को आओ."

स्पर्धा अकराला! पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. माझी पाई काढा अन् तिची ठेवा, एवढं म्हणायला मन धजलं न्हाई माझं. खरं सांगते, अजून लाज वाटते. घरी जाऊन तिनं कढईत मीठ तापवलं, वर ताट झाकून पाई भाजली. निघाली ती खालून काळीठिक्कर.

*

उद्घाटनाला एक पुढारी होते. माईक हातात आला अन् सुरू झाले, "ही पाई तळागाळात पोचली पाहिजे! शेवटच्या माणसाच्या हातात पाई पडल्याशिवाय आम्ही स्वस्थ बसणार न्हाई!"

टाळ्या पडल्या. मंग खाली बसून माझ्या कानाशी लागले, "बाई, ह्यातली पाई कंची?"

टेबलावर नऊ पाईच होत्या, दुसरं काहीच नव्हतं!

*

अन् ऐनवेळी परीक्षक मॅडमचा फोन आला, भाच्याचा साखरपुडा निघाला, येत न्हाई. प्रमिलाताईंचा चेहरा उतरला. पुढारी म्हणले, "एवढंच ना? जल्दी एक्सपर्ट आणतो. चाळीस वर्षं भट्टीवर हाय माणूस!" गाडी पाठवली.

गाडीतून उतरला गफ्फारचाचा.

आठ जणींनी एकदम पदर सावरले. चाचानं आमच्याकडं पाह्यलं न्हाई. पहिल्या पाईपासून सुरुवात केली. आठ पाईंचा एकेक घास खाल्ला, मान हलवली. नंदा मागं खांबाला धरून उभी. दुपारी मोबाईलवाला खोली बघायला येणार होता, अन् संतोष पाठच्या खुर्चीवर बसून त्यालाच फोन लावून राह्यला होता.

नवव्या पाईचा काळा भाग चाचानं सुरीनं खरवडला. एक घास घेतला. कोणी न विचारता दुसरा घेतला.

"पैला नंबर, ये."

प्रमिलाताई उठल्याच. "अहो चाचा, ती खालून जळालीये!"

"हां ताई, जली है. घर में जलताच है," चाचा शांतपणे म्हणला. "बाकी आठ का रंग एक सरीखा कैसा आया, वो आप बोलो. मैं लिख देता हूं."

सगळ्यात आधी टाळ्या वाजवल्या त्या प्रमिलाताईंनी!

मी वळून संतोषकडं पाह्यलं. त्याचा फोन लागला होता. माझ्याकडं बघत तो फोनमधी म्हणला, "न्हाई भाऊ, येऊ नका. खोली गेली... कोणाला म्हंजे? आमच्या मॅडमला!"