सुनेच्या तोंडी परीक्षेला मोहल्ला आला

आमच्या मोहल्ल्यात इलेक्शनच्या आधी बायका मार खात. इलेक्शननंतरही खात, पण आधीचा मार वेगळा. त्यात दारू कमी असे. नवरा शुद्धीवर असे, कुठे मारायचं ते त्याला नीट कळत असे, आणि मारून झालं की शिक्का कोणत्या चिन्हावर मारायचा ते तो सांगे. यात लिहून ठेवण्यासारखं काही आहे असं मला कधी वाटलं नव्हतं. माझ्या सुनेला वाटलं. त्यावरच तिनं पीएच.डी. करायची ठरवली.

मी चौथीपर्यंत शिकले. नवरा मिलमध्ये होता. कापसाची धूळ छातीत बसून खोकून खोकून मेला. मुलगा एकच. त्याला जकात नाक्यावर रोजंदारीनं लावलं ते आमच्या वॉर्डाच्या नगरसेवकानं. त्याला सगळे भाऊ म्हणत. गल्लीतला नळ, रेशनचं रॉकेल, पोलीस ठाण्यातून सुटका, सगळं भाऊकडून होई. त्याचा आखाडा होता आणि आखाड्यातली पोरं इलेक्शनच्या दिवशी घरोघरी फिरत. भाऊनं मान हलवली असती तर माझ्या मुलाचा नाका गेला असता. हे आम्हाला माहीत होतं आणि भाऊलाही माहीत होतं.

सून उमरेडकडची. राज्यशास्त्रात एम.ए. एका कॉलेजात तासावर शिकवायची. पीएच.डी. झाली तर कायम करू, असं तिथल्या प्रिन्सिपॉलनं तिला सांगितलं होतं. मी एवढाच विचार केला की नाक्यावर भाऊचा हात आहे, कॉलेजवर नाही. ही पोरगी कायम झाली तर आमच्या घराला त्याच्या दारात उभं राहायला नको. म्हणून मी तिच्या बाजूनं झाले. शिक्षणाचं मला फार कौतुक होतं असं नाही.

तिचे गाईड सर धरमपेठेत राहत. त्यांनी तिला संविधानातलं कलम का काहीतरी घे म्हटलं होतं. ती म्हणाली, मी माझ्याच वॉर्डातल्या बायका घेते, त्या मत कसं देतात ते पाहते. सरांनी मान्य केलं. पण बायका तिच्याशी बोलेनात. नवी सून, हातात कागद, खांद्याला पिशवी. त्यांना वाटलं नसबंदीवाली आली. दोन-तीन घरांनी तोंडावर दार लावलं. मग मी तिच्याबरोबर जायला लागले. मी ओट्यावर बसून कोणाच्या उवा काढू लागे, कोणाचे तांदूळ निवडू लागे, आणि ती बाजूला बसून लिही.

"कोणाले मत देल्लं वं माय?" मी विचारायची.

"ज्यानं मारलं त्याच्यावाल्याले."

"माह्यावाल्यानं तं यंदा मारलंच नाही," दुसरी म्हणे.

"काहून?"

"त्याले सोताले समजलं नाही ना कोन्ता उमेदवार आपला हाये. दोघाइकडूनबी पेऊन आलता."

बायका पोट धरून हसत. सून हसत नसे. ती विचारी, "मारलं म्हणजे कोणी मारलं?"

"यायनं."

"हे म्हणजे कोण?"

"आता हे म्हणजे हेच ना, बाप्पा! पोराचा बाप!"

आमच्याकडे बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. थोरल्या दिराचं घेत नाही, सासऱ्याचं तर नाहीच. धम्म घेतला, देव नदीत सोडले, पण ही सवय कोणी सोडली नाही. त्यामुळे सुनेनं जे जे लिहिलं त्यात एकाही पुरुषाचं नाव आलं नाही. सर म्हणाले, ठीकच आहे, प्रबंधात नावं घालायचीच नसतात. बायकांचीही घालू नकोस.

आमच्या मागच्या घरात एक बाई बिड्या वळायची. नवरा भाऊच्या आखाड्यातला, मानेनं बैलासारखा. तिनं सांगितलं ते तांदूळ पाखडता पाखडता सांगितलं. मागच्या इलेक्शनला ती म्हणाली होती की मी दुसऱ्याला मत देईन, कारण त्या दुसऱ्याच्या आईनं तिच्या बाळंतपणात तिला दवाखान्यात नेलं होतं. नवरा काही बोलला नाही. मतदानाच्या सकाळी त्यानं तिला लोखंडी पेटीतून आपला धुतलेला सदरा काढायला लावला. तिचा उजवा हात आत असताना झाकण पाडलं आणि वर बसला. बसून विडी पेटवली. "आता मार शिक्का," म्हणाला. तिच्या नावानं दुसरीच बाई जाऊन मत टाकून आली. बोटं वाकडी जुळली. तेव्हापासून तिला बिडी वळता येत नव्हती.

सुनेचा पेन थांबला.

"लिही ना वं," ती बाई म्हणाली. "थांबून काहून राहिली? माह्या बोटायनं लिहून राहिली का तू?"

अशा गोष्टी गल्लीत लपून राहत नाहीत. भाऊनं माझ्या मुलाला आखाड्यावर बोलावलं. तिथे त्याला काय म्हटलं ते मला माहीत नाही. घरी आला तो सरळ सुनेच्या कागदांजवळ गेला.

"बंद कर हे. माह्या नोकरीवर आलं हाये."

"अर्ध्याच्या वर टाइप झालं आहे," सून म्हणाली. "आता नाही होत बंद."

त्यानं तिच्या तोंडावर मारली. ती मडक्यांच्या उतरंडीवर जाऊन पडली, मडकी फुटली, ओठ फाटला. तिला तसंच टाकून त्यानं कागदांचा गठ्ठा उचलला आणि माझ्या समोरच्या चुलीत घातला. मी तेव्हा चूल फुंकत होते. हातात लोखंडी फुकणी होती. तीच मी त्याच्या कोपरावर घातली. एकदा घातली आणि तो वाकला तेव्हा पाठीवर आणखी घातली.

"माय, मी तुहा पोरगा होय ना!"

"म्हून तं कोपरावर मारलं. दुसरा असता तं डोस्क्यात घातली असती."

तो कोपर धरून भिंतीशी बसला. कागद जळून काळे झाले होते. सुनेनं पदरानं रक्त पुसलं आणि म्हणाली, "कार्बन कॉपी टायपिस्टजवळ आहे, आत्याबाई." मुलानं हे ऐकलं तेव्हा त्याचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं.

भाऊची पोरं मात्र तेवढ्यावर थांबली नाहीत. सून कॉलेजातून सायकलनं येत होती तेव्हा दिवसाढवळ्या दोघांनी सायकल पाडली आणि हॉकी स्टिकनं तिच्या पाठीत मारलं. रस्त्यावर दुकानं उघडी होती. दुकानदार दुकानांतच राहिले. मी तिला रिक्षात घालून धंतोलीच्या दवाखान्यात नेलं. बरगडीला तडा होता. डॉक्टरनं विचारलं, पडली का? ती म्हणाली, पाडली. डॉक्टरनं लिहिलं, पडली. छातीला पट्टा बांधून तिनं टायपिस्टचे कागद तपासले, बाइंडिंग केलं आणि प्रबंध विद्यापीठात नेऊन दिला.

मला वाटलं संपलं. पण सुनेनं सांगितलं की अजून तोंडी परीक्षा आहे. बाहेरगावचे परीक्षक येतात, प्रश्न विचारतात, उत्तरं पटली तर डिग्री. नाही पटली तर पुन्हा लिही. आणि ही परीक्षा उघडी असते, कोणालाही येऊन ऐकता येतं, विचारताही येतं. तशी नोटीस लागते.

हे भाऊच्याही कानावर गेलं. त्याला फार आवडलं. सभा जिंकायची त्याला सवय होती. परीक्षकासमोर मोहल्ल्यातली माणसं उभी करायची, सगळ्यांनी सांगायचं की बाई खोटं लिहिते, की झालं. मारहाण करू नका, धुतलेले कपडे घाला, असं त्यानं सगळ्यांना बजावलं. माझ्या मुलालाही चल म्हटलं. तो गेला.

मी गेले. मागच्या घरातली बाईही माझ्याबरोबर निघाली.

"तू काहून येतं वं? तुहा नवरा राहीन तेथी."

"माह्यं सांगतलेलं कसं वाचते ते आयकाचं हाये मले."

खोली लांबट होती. पुढे टेबलामागे परीक्षक, म्हातारे, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली. बाजूला गाईड सर. सून उभी, पट्टा पदराखाली. पुढच्या बाकांवर भाऊ आणि त्याची माणसं, पांढरे सदरे, केसांना तेल. एखाद्या लग्नाला आल्यासारखी. आम्ही दोघी मागे, दाराजवळ.

बराच वेळ परीक्षक पुस्तकी काहीतरी विचारत होते आणि सून उत्तरं देत होती. मग त्यांनी विचारलं, "कोणाला काही विचारायचं आहे का?"

भाऊ उठला. हात जोडले. "सर, मी या वॉर्डाचा सेवक आहे. आमच्या वॉर्डात कोणी बाईच्या अंगाला हात लावत नाही. हे सगळे सभ्य लोक आहेत, आपण विचारा."

"बराबर," सगळे एका सुरात म्हणाले. माझा मुलगाही म्हणाला. वरचा ओठ हलला तेवढाच, पण म्हणाला.

परीक्षक सुनेकडे वळले. "तुमच्यावर आक्षेप आहे. एखादं कथन वाचून दाखवा. कशावरून खरं मानायचं तेही सांगा."

सुनेनं पान उघडलं. बाईचं नाव नाही, गल्लीचं नाही, नवऱ्याचं नाही. एक स्त्री, असं म्हणून ती वाचू लागली. सदरा काढायला लावला. हात आत. झाकण. वर बसून विडी पेटवली. माझ्या शेजारची बाई मान पुढे काढून ऐकत होती.

पुढच्या बाकावरून तो उठला. बैलमान्या.

"खोटं हाये! सप्पा खोटं! झाकण आपल्याआपण पडलं होतं! मी तं नुसता वरतून बसलो!"

परीक्षकांनी चष्मा काढला. "तुमच्याबद्दल इथे कोण बोललं?"

कोणी हसलं नाही. त्याला स्वतःलाही तेव्हाच कळलं असावं. भाऊ वळला आणि सगळ्यांसमोर त्याच्या कानाखाली वाजवली. "बस खाली, गध्या!"

भाऊला तो उलटून मारू शकत नव्हता. त्यानं मागे पाहिलं आणि त्याला त्याची बायको दिसली. बाकांवर पाय देत तो आला, तिचे केस धरले आणि तिचं तोंड बाकाच्या कडेवर आपटलं. मग पुन्हा. दात बाकावर सांडले. मी चप्पल काढून त्याच्या डोळ्यांवर मारत होते. त्यानं मला कोपरानं ढकललं ती मी दारावर आदळले. सून पट्टा बांधलेल्या छातीनं धावत आली आणि त्याच्या पाठीवर पडली, त्याच्या खांद्याला चावली. शिपाई आला, आणखी कोण कोण आले, तेव्हा कुठे तो सुटा झाला. गाईड सर टेबलावरचे कागद छातीशी धरून उभे होते. माझा मुलगा भिंतीला लागून उभा होता. त्याच्या सदऱ्यावर एक डागही नव्हता. भाऊ खोलीत नव्हता. तो केव्हा गेला ते कोणी पाहिलं नाही.

परीक्षक खुर्चीत बसले. त्यांनी पाणी मागितलं, पण प्यायले नाहीत.

"मला आणखी काही विचारायचं नाही," ते म्हणाले आणि सही केली.

सून डॉक्टर झाली. पुढे कॉलेजात कायमही झाली. मुलाचा नाका लगेच गेला. काही दिवस तो घरात बसून राहिला, नंतर सुनेच्या पगारावर त्यानं पानठेला टाकला. तिच्यावर पुन्हा हात उचलला नाही, फुकणी घरातच होती. ठाण्यात तक्रार लिहून घेतली नाही. खोलीतल्या कोणीही काही पाहिलं नव्हतं, असं सगळ्यांनी सांगितलं. परीक्षक आपल्या गावी गेले होते.

ती बाई धंतोलीच्या एका दवाखान्यात होती. जबडा तारेनं बांधलेला. सून रोज जायची, नळीनं पेज पाजायची. तार काढल्यावर सून म्हणाली, आमच्या घरी चला. बाईनं मान हलवली. दोन पोरं घरी होती. ती त्याच्याकडेच गेली, त्याच्याच पेटीशेजारी निजायला. मी तिला अडवलं नाही. आमच्या दोन खोल्यांत तिला ठेवली असती तर तो तिथेही आला असता.

ती दवाखान्यातून जायच्या दिवशी सून खाटेशी बसून रडायला लागली. मी तिला बाहेर जा म्हटलं. बाई म्हणाली, राहू द्या. बोलताना तिचे शब्द दातांच्या खिंडारातून गळत होते.

"पास झाली ना तू?"

"झाले."

"मंग सांग. पुढच्या इलेक्शनले तो मारन का नाही? तुह्या पुस्तकात काय लिहिलं हाये?"

सुनेनं माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे पाहिलं. खाली आवारातून कोणाचं तरी स्ट्रेचर चाललं होतं.

"मारेल असंच लिहिलं आहे," सून म्हणाली.

"मंग बराबर लिहिलं," ती म्हणाली, आणि चपला शोधायला खाटेखाली वाकली.