बंद दुकानावरचा पहारा

पानशेतचं धरण फुटून पुण्यात पाणी शिरलं, त्याच्या तिसऱ्या दिवशी आमच्या सेक्शनला नदीकाठच्या एका पेठेत पहाऱ्याची ड्यूटी लागली. मी तेव्हा नाईक होतो. हाताखाली सहा जवान. पाणी ओसरलं होतं, गल्लीत गुडघाभर चिखल होता. माणसं शाळांमध्ये मुक्कामाला गेलेली, आणि मागे ओस पडलेल्या घरांत, दुकानांत चोऱ्या सुरू झालेल्या. ऑर्डर स्पष्ट होती: पास नसेल तर कुणालाही आत सोडायचं नाही, मालकालाही नाही. मातीच्या भिंती भिजून फुगल्या होत्या.

सकाळी आठला इस्माईलभाई आले. साठीचे गृहस्थ, घड्याळं दुरुस्त करायचे. गल्लीच्या टोकाला त्यांचं दुकान.

"अहो साहेब, पाचच मिनिटं. आत गिऱ्हाइकांची घड्याळं आहेत. माझी नव्हेत."

"पास आणा."

"पास देणारी कचेरीच पाण्यात गेलीय, माझ्या किल्ल्यांसारखी. सापडली की आणतो."

माझ्या शेजारी उभा असलेला शिपाई केरबा माने हसला. मी हसलो नाही.

साडेदहाला ते पुन्हा आले. "मी इथंच थांबतो. तुमचा एक माणूस तरी पाठवा."

माने हळूच म्हणाला, "मी जाऊन येतो की, उस्ताद."

"जागा सोडायची नाही," मी म्हणालो. इस्माईलभाई निघून गेले.

बाराला दहा मिनिटं कमी असताना त्याच दुकानाच्या मागच्या अंगानं कुलपावर घाव घातल्याचा आवाज आला. तीन-चार घाव. मग दार करकरलं.

"चोर आहे. माने, मागून आत जा. मी पुढून अडवतो."

"ठीक, उस्ताद."

त्या दुकानाच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत तडा गेलेला मी सकाळीच पाहिला होता. हुकूम देताना तो आठवला नाही, असं मी इतकी वर्षं सांगत आलो. आठवला होता.

आतून मान्याचा आवाज आला, "उस्ताद, चोर न्हाई! घड्याळवाले बाबा हायत!" आणि लगेच, "बाबा, व्हा भायेर!"

पुढच्या फळ्या मोडून इस्माईलभाई माझ्या पायाशी येऊन पडले. त्यांना मागून ढकललं होतं. पाठोपाठ अख्खी भिंत बसली.

मी वायरलेस घेतला. "जवान ढिगाऱ्याखाली. फावडी आणि डॉक्टर पाठवा. ओव्हर."

"रस्ता बंद आहे. अर्धा तास लागेल. ओव्हर."

आम्ही हातांनीच माती उपसली. इस्माईलभाईही आमच्यात होते. माने सापडला तेव्हा डॉक्टरांना करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

दोन दिवसांनी मान्याचे वडील गावाहून आले. सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "म्हातारं जगलं न्हवं? बरं झालं." मग, "त्याला आत कुनी धाडलं वो?"

मी अटेन्शनमध्ये उभा होतो.

"ड्यूटी होती, बाबा."

त्यांनी मान डोलावली आणि मलाच विचारलं, "तुमी जेवलासा का?"

ते आता हयात नाहीत. शिपाई केरबा माने, वय बावीस. त्याला आत मी पाठवलं.