मधोमध ठिपका

सासरी तिला वजाबाकी म्हणत. नाव थोरल्या नणंदेनं पाडलेलं. लग्नाला सहा महिने होत नाहीत तोच नणंदेचा भाऊ, म्हणजे तिचा नवरा, तिला घेऊन वेगळा राहायला गेला, तेव्हा नणंद चारचौघांत म्हणाली, "बाई आली ती माणूस वजा करून घेऊन गेली."

गंमत अशी, की तिचं पोटही वजाबाकीवरच. इस्पितळाच्या तळघरात स्कॅनचं यंत्र डोक्याभोवती फिरतं, शेकडो बाजूंनी क्ष-किरणांच्या सावल्या घेतं. प्रत्येक सावली आली त्या वाटेनं मागे सारवायची, एकीवर एक. नुसतं सारवत गेलं तर सगळा चिखल. म्हणून आधी प्रत्येक सावलीतून कडेकडेचं थोडं वजा करायचं, मग चित्र स्वच्छ उठतं. हे गणित तिनं बसवलेलं.

नणंदेचं डोकं ठणकायला लागलं, स्कॅन झाला. मेंदूच्या मधोमध वाटाण्याएवढा ठिपका. सर्जननं सोमवारी ऑपरेशन ठरवलं.

वजाबाकीनं चित्र पाहिलं. ठिपका फारच गोल होता. टेक्निशियन इतका काटेकोर, की प्रत्येक डोकं यंत्राच्या बरोबर मध्यावर ठेवायचा, वर मिरवायचाही. यंत्र फिरतं ते त्याच मध्याभोवती. सावली मोजणारा मधला एखादा डिटेक्टर कमी मोजत असेल, तर तीच चूक प्रत्येक सावलीत येते आणि सारवताना मध्यावर गोल उठतो. मोठे गोल तिचं गणित पुसून टाकायचं. हा बारका निसटला असणार.

तिनं हे जाऊन सांगितलं, तेव्हा सर्जननं मानही वर केली नाही. "घरचा पेशंट म्हटल्यावर यंत्र आजारी पडलं?"

"यंत्रही चुकलंय, मीही. डोकं दोन बोटं डावीकडे सरकवून परत स्कॅन घ्या. ठिपका डोक्यातला असेल तर डोक्याबरोबर सरकेल."

"पेशंट हो म्हणाली तर घ्या," तो म्हणाला. घरातलं वैर त्याच्याही कानावर होतं.

नणंद पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडलेली. "आता माझ्या दुखण्यातही हात घालायला आलीस?"

"ताई, दहा मिनिटं पडून राहायचंय फक्त."

"म्हणजे माझ्या डोक्यात काही नाही, हे तुला कागदावर पाहिजे."

"पाहिजे. नाहीतर सोमवारी ते उघडून बघतील."

नणंदेनं कूस वळवली. मग उठली. "खोटी ठरलीस तर पुन्हा तोंड दाखवू नकोस."

टेक्निशियन कुरकुरला, "माझ्या हातून वाकडं डोकं." तरी त्यानं सरकवलं. नव्या चित्रात डोकं डावीकडे गेलेलं. ठिपका होता तिथेच, चित्राच्या मध्यावर. मेंदूचा मध्य कोरा.

सर्जननं सोमवारवर काट मारली. "डिटेक्टर कधीपासून बिघडलाय ते शोधा," तो तिला म्हणाला. "तेव्हापासून स्कॅन केलेली सगळी डोकी पुन्हा तपासायला काढा. आजच. तुमच्या सहीनं."

नणंद टेबलावरून उतरत होती. वजाबाकीनं हात पुढे केला, तो तिनं बाजूला सारला.

"मग दुखतंय ते काय?"

"ते मला माहीत नाही, ताई."

"माहीत नाही," नणंद म्हणाली, आणि चपला पायात सरकवून जिन्याकडे निघाली.