पहिली थाळी कुणाची

किटुई जिल्ह्याच्या कोरड्या पट्ट्यातल्या त्या शाळेत अकरा वर्षं कास्योकाच रांधायची. तोंडाची फटकळ, हाताची सढळ. "थाळी धुतलीस का नुसती चाटलीस रे?" असं पोरांवर खेकसायची आणि खेकसता खेकसता पळीभर जास्त वाढायची. दुष्काळ दोन वर्षांचा. सरकारी मका-घेवडा शिजला तरच त्या पोरांच्या पोटात काही पडायचं.

शाळेत एक रिवाज होता. बुरशीच्या मक्यानं गावात माणसं दगावली, त्या सालापासून पहिली थाळी स्वयंपाकिणीच्या घरच्या लेकराला. ते सगळ्यांदेखत जेवलं की मगच बाकीच्यांना. त्यामुळे कास्योकाची नात न्दानू रोज ऐटीत पुढे उभी असायची.

त्या मंगळवारी कास्योकानं मक्याचं पोतं फोडलं. तोच बुरशीचा कुबट वास. चार दाणे चावून पाहिले, कडू जहर. तिची बहीण असाच मका खाऊन गेली होती, दोन लेकरांसकट.

शाळा समितीचे अध्यक्ष मुन्याव चुलीपाशीच उभे होते. पोतं महिनाभर त्यांच्याच कोठारात पाण्याच्या टाकीला टेकून पडलं होतं.

"कुटून घे," ते म्हणाले. "दाण्याची साल गेली की बुरशी गेली. आपल्या आया काय करायच्या?"

"माझ्या बहिणीनंही कुटूनच घेतला होता."

"मग ठेव पोरांना उपाशी! कालपासून पोटात चहाचा घोट नाही त्यांच्या. जमत नसेल तर पळी खाली ठेव, छप्पन्न बाया मिळतील."

काय करावं बाईनं? कुटला, पाखडला, सात पाण्यांनी धुतला. शिजताना वास गेल्यासारखा वाटला, आणि तिला त्याचीच जास्त भीती वाटली. बहिणीच्या घरीही असाच छान वास सुटला होता.

दुपारी दोनशे पोरं ओळीनं उभी राहिली. पुढे न्दानू.

"आजी, लवकर वाढ गं. चक्कर येतेय."

कास्योकानं वाढलं खरं, पण थाळी काही हातातून सुटेना. मग ती वळली.

"अध्यक्ष, आज स्वयंपाक तुमच्या शब्दावर झालाय. पहिली थाळी तुमच्या नातवाची. ये रे न्झुकी, बस."

"हा काय पोरखेळ लावलाय?" मुन्याव गुरगुरले.

"का? साल गेली ना? मग भीती कसली?"

न्झुकी बिचारा धावतच आला. त्यानं घास उचलला, तोंडाशी नेला, आणि मुन्यावांनी झडप घालून थाळी उडवली. म्हाताऱ्याला दरदरून घाम फुटला होता.

"बघितलंत?" कास्योका म्हणाली. तिनं पातेलं पोरांपासून पलीकडे ढकलून मातीत उपडं केलं.

पण पोरांना काय कळतंय! ती सगळी त्या सांडलेल्या मक्यावर तुटून पडली.

"खाऊ नका रे! मराल मेल्यांनो!" कुणी ऐकेना. अकरा वर्षांत तिनं एका लेकराला बोट लावलं नव्हतं. त्या दिवशी रडत रडत ती पळीनं त्यांना झोडत सुटली, दिसेल त्या हातावर, दिसेल त्या पाठीवर.

न्दानूनं मातीसकट मूठ भरून घेतली होती. मूठ उघडेपर्यंत कास्योका तिच्या मनगटावर मारत राहिली.