बिनमिठाचा लिंबूसोडा

माझ्या नणंदेच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या, त्याच वर्षी मी शाळेतून निवृत्त झाले. त्यामुळे तिला डायलिसिससाठी जालन्याला कोणी न्यायचं हा प्रश्न घरात फार वेळ टिकला नाही. नवऱ्याचं जाफराबादमध्ये बी-बियाण्यांचं दुकान, मुलगा पुण्यात. मोकळी मीच होते. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळच्या पहिल्या एसटीनं आम्ही दोघी निघायचो आणि दुपारी मिळेल त्या जीपनं परत यायचो. असं वर्षाहून जास्त चाललं.

तिला सगळे आक्का म्हणायचे, मीही. माझ्या नवऱ्याहून ती सात वर्षांनी मोठी. लग्नानंतर दोनच वर्षांत धावड्याच्या सासरहून परत आली ती कायमची. का आली ते मला कोणी नीट सांगितलं नाही, मीही कधी विचारलं नाही. मी या घरात आले तेव्हा स्वयंपाकघर तिचं होतं आणि पुढं तीस वर्षं तिचंच राहिलं. मी आयता डबा घेऊन शाळेत जायची. आमच्यात भांडण नव्हतं, पण बसून दोन गोष्टी बोलाव्यात असंही काही नव्हतं. ती मला 'मास्तरीणबाई' म्हणायची. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे मला कधी ओळखता आलं नाही.

तिच्या हाताला चव होती. गल्लीत कुणाकडं कार्य असलं की आचारी आमटीत मीठ टाकून तिला बोलावून घ्यायचा. ती चाखायची नाही. पातेल्यावर वाकून वास घ्यायची आणि सांगायची, "अजून अर्धी मूठ पडू दे."

अशा बाईला डॉक्टरांनी मीठ बंद केलं. पाणी दिवसाला अर्धा लिटर, त्यातच चहा आला, औषधाचे घोट आले. सकाळी ती एक प्लास्टिकची बाटली भरून ठेवायची आणि त्यातूनच दिवस काढायची. स्वयंपाक माझ्याकडं आला. एका घरात दोन भाज्या कशाला, आणि तिच्यासमोर आपण चमचमीत कसं खायचं, म्हणून मी सगळ्यांसाठीच अळणी करायला लागले. लोणच्याची बरणी शेजारच्या घरी नेऊन ठेवली. नवरा दोन दिवस कुरकुरला, मग मुकाट्यानं जेवू लागला. आक्का पानात येईल ते खायची, आपलं ताट आपणच विसळून ठेवायची.

डायलिसिस चार तास चालायचं. मशीनवरून उठली की तिच्या पायात गोळे यायचे आणि तोंडाला कोरड पडायची. उन्हाळ्याच्या सुरुवातीला एकदा दवाखान्यातून निघालो तर पलीकडंच एक नवं फास्ट फूडचं दुकान उघडलेलं दिसलं. काचेचा दरवाजा, आत एसी, भिंतीवर बर्गरची आणि रंगीत पेयांच्या उंच ग्लासांची चित्रं. आक्का फूटपाथवर थांबली.

"आत गार असंल," ती म्हणाली. "घडीभर बसू."

मी परत दवाखान्यात जाऊन सिस्टरला विचारून आले. सिस्टर म्हणाली, "लिंबूसोडा चालेल, लहान ग्लास. मीठ अजिबात नको, आणि तेवढं पाणी आजच्या हिशेबातून कमी करा." तेव्हापासून मंगळवार-शुक्रवारचा तो एक ग्लास ठरून गेला. त्यासाठी आक्का सकाळपासून बाटलीला हात लावायची नाही.

काउंटरवर तिशीची एक बाई होती. डोक्याला दुकानाची टोपी, मंगळसूत्र गणवेशाच्या आत सरकवलेलं. मी तिला सांगितलं, "एक लिंबूसोडा. लहान. मीठ नको, मसाला नको." तिनं स्क्रीनवर बोटं मारली, नंबरची चिठ्ठी दिली. आला तो मोठा ग्लास, त्यावर लाल मसाला भुरभुरलेला. मी परत केला. दुसऱ्या खेपेला लहान ग्लास आला, पण त्यात काळं मीठ. मंगळवारी गेलो तर कुणाचा तरी कोला आमच्या नंबरवर आला. दोन-तीन आठवडे अशीच गंमत चालली. ती बाई दर वेळी ओशाळून म्हणायची, "या स्क्रीनवर मीठ नको असं बटनच न्हाई, मॅडम. मी आतमधी तोंडी सांगते, मंग ते विसरतेत." पुढं तिनं चिठ्ठीवर पेननं लिहायला सुरुवात केली आणि सोडा बरोबर येऊ लागला. महिनाभर काही चुकलं नाही.

मग पुन्हा चुकायला लागलं, पण आता दर वेळी एकाच तऱ्हेनं. आम्ही पोचलो की मी ऑर्डर देऊन आक्काला काउंटरजवळच्या खुर्चीत बसवायची आणि शेजारच्या मेडिकलमधून तिची इंजेक्शनं आणायला जायची. तिथं गर्दी असायची, पंधरा मिनिटं सहज जात. परत यावं तर आक्काच्या हातात ग्लास, दोन-चार घोट गेलेले. मी एक घोट चाखून बघायची. खारट. ग्लास घेऊन मी काउंटरवर जायची, ती बाई खाली मान घालून "सॉरी मॅडम" म्हणायची आणि आतून दुसरा आणून द्यायची. तो अळणी असायचा.

"तुला कळलं नाही का गं, आक्का?" मी विचारलं एकदा.

"मला काय चव ऱ्हायली आता," ती म्हणाली.

मला ते पटलं. औषधांनी तोंडाची चव जाते, सिस्टरही तसं म्हणाली होती.

त्या दिवसांत आक्काची सूज वाढत होती. पायावर बोट दाबलं की खळगा तसाच राहायचा. दोन डायलिसिसच्या मध्ये वजन नको तेवढं वाढत होतं. डॉक्टरांनी मलाच विचारलं, घरी मीठ जातंय का. छत्तीस वर्षं मुलांच्या वह्या तपासलेली बाई मी, माझ्या कामात कुणी चूक काढली की मला सहन होत नाही. मी म्हणाले, आमच्या घरात मिठाचा डबाच नाही. आणि त्याच दुपारी मेडिकलमधून परतले तर सोडा पुन्हा खारट.

मी मॅनेजरला बाहेर बोलावलं. दुकानात कॉलेजची पोरं होती, दोन-तीन कुटुंबं होती. त्या सगळ्यांसमोर मी मोठ्या आवाजात बोलले. माणूस आजारी आहे, हिला दहादा सांगून कळत नाही, हिच्यामुळे माणसाचा जीव जाईल, असं सगळं बोलले. ती बाई काउंटरमागं उभी होती. तिनं एकदा माझ्यामागं आक्काकडं पाहिलं, मग खाली बघत म्हणाली, "चुकलं, मॅडम." आक्का खुर्चीत बसून होती. तिनं तोंडातून शब्द काढला नाही.

पुढच्या शुक्रवारी काउंटरवर दुसरा माणूस होता. सोडा पहिल्या खेपेलाच बरोबर आला. आक्कानं एक घोट घेतला आणि ग्लास बाजूला सरकवला.

"चल," ती म्हणाली. "जीप मिळंल आता."

वाटेवरची टेंभुर्णी मागं पडली. जीपमध्ये आम्ही मागच्या सीटवर, समोर एका शेतकरी जोडप्याची पोती. खिडकीकडं तोंड करूनच ती म्हणाली, "त्या बाईचा दोष न्हाई. मीच सांगत व्हते तिला मीठ टाक म्हणून."

मला आधी समजलंच नाही.

"तू मेडिकलात गेली की सांगायची. चिमूटभर टाक म्हणायची. ती न्हाईच म्हणायची आधी. मीच गळ घातली."

"आणि मी तिला एवढं बोलत होते तेव्हा?"

"तवा माझी जीभ उचलली न्हाई."

मी संतापले होते. जीपमध्ये माणसं होती म्हणून हळू आवाजात विचारलं, "मला का नाही मागितलंस?"

तिनं पदर डोक्यावर ओढून घेतला. मग म्हणाली, "तुला मागितलं असतं तर तू न्हाई म्हणली असतीस. मंग मला तुझा राग आला असता. या वयात कशाला ते."

घरी येईपर्यंत मी तिच्याशी बोलले नाही. दुसऱ्या दिवशीही कामापुरतंच बोलले. तिनं मला फसवलं याचा राग होता आणि सगळ्यांसमोर एका बाईला मी विनाकारण घालून पाडून बोलले याची लाजही होती. ते दोन दिवस असे घालवायला नको होते, हे आज कळतं.

मंगळवारी मशीनवर सुया टोचलेल्या असतानाच आक्का म्हणाली, "आज त्या मॅनेजरला खरं काय ते सांगू. मी सांगते." आणि तिनं सांगितलं. काउंटरला दोन्ही हात टेकवून, दम घेत घेत. मॅनेजर तरुण होता, अवघडला. म्हणाला, "मावशी, त्यांना कुणी काढलं न्हाई. मी थोडं बोललो, मंग त्या यायच्याच बंद झाल्या." आतल्या एका मुलीनं सांगितलं, ती चंदनझिऱ्याला राहते, पाण्याच्या टाकीजवळ.

"रिक्षानं जाऊन येऊ का?" आक्का म्हणाली.

तिला धड उभं राहवत नव्हतं. मी म्हटलं, "आज नको. शुक्रवारी जाऊ, सकाळीच जाऊ."

गुरुवारी पहाटे तिला श्वास घेता येईना. उशा लावून बसवलं तरी छाती घरघरत होती. गाडी करून आम्ही जालन्याला नेलं. छातीत पाणी भरलं होतं. डॉक्टरांनी लगेच मशीन लावलं, पण अर्ध्यातच तिचं हृदय थांबलं. नवरा बाहेर बाकावर बसला होता. मी आत होते. शेवटी तिनं माझ्याकडं बघितलं की नाही ते मला सांगता येणार नाही. तिच्याभोवती माणसं फार होती.

दिवसकार्य उरकल्यावर मी एकटीच चंदनझिऱ्याला गेले. घर सापडायला वेळ लागला नाही. पत्र्याची खोली, दारात कपडे वाळत घातलेले. ती बाई भांडी घासत होती. टोपी नसल्यामुळं मला आधी ओळखू आली नाही. तिनं मात्र मला पटकन ओळखलं आणि हात पुसत उठली. पुन्हा काही ऐकून घ्यावं लागणार, असं तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"मी माफी मागायला आले," मी म्हणाले. "आक्कानं मला सगळं सांगितलं."

तिचा चेहरा सैल झाला. तिनं मला आत बसवलं, पाणी दिलं. मी नोकरीचं विचारलं तर म्हणाली, आता एका कपड्याच्या दुकानात लागली आहे, तिथं निदान बसायला मिळतं. मग म्हणाली, "मावशी लई बोलायच्या तुमच्याबद्दल."

"माझ्याबद्दल?"

"हं. म्हणायच्या, आमची मास्तरीणबाई मेडिकलात गेलीय तोवर दे बाई चिमूटभर. मी म्हणायची, मावशी, घरीच मागा की. तर म्हणायच्या, घरी कसं मागू. माझ्यापायी घरातले सगळे अळणी खाऊन राह्यले. भाऊ तर जन्मात कधी बिनमिठाचं जेवला न्हाई. तेंच्यासमोर मी कोणत्या तोंडानं मीठ मागू."

घरात सगळ्यांना अळणी खायला लावून मी तिचं मन राखत होते, असं मला इतके महिने वाटत होतं. पंगतीला बसल्यावर ती भावाच्या ताटाकडं बघायची, हे मला दिसलं होतं. ती कशासाठी बघते, ते मी कधी विचारलं नव्हतं.

"आता कशा आहेत मावशी?" तिनं विचारलं.

येताना एसटीत मी माफीचे शब्द जुळवत आले होते. हिला आक्का गेल्याचं माहीत नसेल, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मी सांगितलं. ती भिंतीला टेकली. पदर तोंडाशी धरून खाली बसली. बाहेर कुणीतरी तिला नळ आल्याचं सांगून गेलं, तरी ती उठली नाही.

"मॅडम," शेवटी ती म्हणाली, "त्या मिठानं तर न्हाई ना झालं काही? मी लई थोडं टाकायची. दोन बोटांत येईल एवढंच. मला द्यायलाच नको व्हतं का?"

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या दुकानात सगळ्यांसमोर मी तिला काय म्हणाले होते, ते तिला शब्द न शब्द आठवत असणार.

"नाही," मी म्हणाले. "डॉक्टरांनी सांगितलंय, तिचं हृदय आधीपासूनच कमजोर झालेलं होतं. तुझ्या त्या दोन घोटांनी काही झालेलं नाही. उलट तेवढंच तिच्या मनासारखं झालं."

वर्गात बोलायची तशी मी अगदी ठामपणे बोलले. हृदय कमजोर होतं, हे डॉक्टर खरंच म्हणाले होते. दोन घोटांचं मी त्यांना कधी विचारलं नव्हतं. त्यांनी काय उत्तर दिलं असतं याची मला भीती वाटत होती, आणि मी अजूनही विचारलेलं नाही.

तिनं मान हलवली. माझं तिला पटलं की माझ्या वयाचा मान राखून ती गप्प बसली, कोण जाणे. मग ती उठली, हंडा घेतला आणि मला रिक्षा मिळते त्या कोपऱ्यापर्यंत सोडायला आली.