कुरकुरणारा डिमर

ग्रोनिंगेनच्या गीर्त्येबाईंनी जेवणाच्या टेबलावरचे जुने हॅलोजन काढून एलईडी दिवे लावले, आणि त्या दिवसापासून भिंतीवरचा डिमर कुरकुरू लागला. नवरा जाऊन वर्ष झालेलं, घरात त्या एकट्याच. उजेड मंद केला की डिमर गुणगुणायचा आणि दिवे लुकलुकायचे. "गप रे मेल्या, सुखानं जेवू दे," असं त्या रोज त्याला बजावायच्या.

शेवटी वायरमन रींक आला. "बाई, याला जड दिवे ओढायची सवय. हे एलईडी वीज खातात चिमूटभर, म्हणून गोंधळतो बिचारा."

"मग बदला त्याला. डोकं उठवलंय नुसतं! कॉफी टाकू?"

"पुढच्या वेळी. अजून दोन घरं राहिलीत."

संध्याकाळी बाईंनी वाटाण्याचं सूप वाढून घेतलं आणि नवा डिमर फिरवला. उजेड अलगद खाली उतरला. आवाज नाही की लुकलुक नाही. सवयीनं त्यांनी रागवायला तोंड उघडलं आणि तशाच थांबल्या. दिवसाकाठी तेवढंच काय ते आपलं बोलणं व्हायचं, हे त्यांच्या आत्ता ध्यानात आलं.

सूप निवत चाललं होतं. त्या उठल्या, थंडी असूनही रस्त्याकडची खिडकी उघडली आणि घरी परतणाऱ्यांच्या सायकलींच्या घंट्या ऐकत जेवल्या.